तानपुऱ्यासाठी कूलर बंद

माणसाला छळायच्या जितक्या रीती आजवर निघाल्या असतील, त्यांतली सर्वांत सोज्वळ रीत आमच्या भासऱ्यांनी शोधून काढली आहे. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते दारू पीत नाहीत, पत्ते खेळत नाहीत, कुणाला उणा शब्द बोलत नाहीत. लग्न त्यांनी केलं नाही, तेव्हा तोही त्रास कुणाला दिला नाही. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते फक्त रेकॉर्डी ऐकतात, त्याही शास्त्रीय संगीताच्या. "अगं, किती छान!" असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी दर वेळी सांगते, की एक उन्हाळा आमच्या घरी काढा, मग बोलू.

संग्रह करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान वेगवेगळ्या वस्तू जमवतात. आमचे भासरे तीच वस्तू पुन्हा पुन्हा जमवतात. एका बाईंनी कधीकाळी मारवा गायला, त्याची रेकॉर्ड निघाली. ती खपली म्हणून कंपनीने ती पुन्हा काढली, मग कव्हर बदलून पुन्हा काढली, मग ती परदेशातही निघाली. गाणं तेच, बाई त्याच, मध्ये कुणी खोकलं असेल तर तो खोकलाही तोच. पण भासऱ्यांच्या लेखी या सगळ्या निरनिराळ्या रेकॉर्डी. अशा प्रत्येक खेपेला ते 'प्रेसिंग' म्हणतात, आणि लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर खरडलेले बारीक आकडे भिंगातून वाचून कुठली खेप कुठली ते ओळखतात. आमचं मूळ गाव कुहीजवळचं, धानाचं. तिकडच्या माणसाला मी असं समजावते: धान एकच, राइस मिल वेगवेगळ्या. तर या गृहस्थाने एकाच धानाचा सगळ्या मिलमधला तांदूळ घरात आणून ठेवला आहे, आणि तो शिजवत नाही, नुसता हुंगत बसतो. मारव्याची लाल लेबलची आहे, काळ्या लेबलची आहे, परदेशी जाड पुठ्ठ्यातली आहे, फाटक्या कव्हरची एक आहे. आणि हे एका मारव्याचं झालं. बाकीच्या रागांनीही काही पाप केलेलं नाही.

मिळेल तिथून ते आणतात. ओळखीतले एक गृहस्थ वारले, तेव्हा एकदा त्यांच्या घरी सांत्वनाला गेले होते. मी सोबत होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. बिचारी बाई पदर डोळ्याला लावून बसली होती. भासरे बराच वेळ मान खाली घालून बसले, मग हळूच म्हणाले, "यांच्यापाशी लाल लेबलची होती ना?" त्या बाईने रडं थांबवून भासऱ्यांकडे बघितलं, आत गेली आणि रेकॉर्ड आणून हातात दिली. ती उदार होऊन दिली की ब्याद टळावी म्हणून, हे मी आजपर्यंत ठरवू शकले नाही. मी रस्ताभर चार पावलं पुढे चालले. भासऱ्यांना ते कळलंही नाही. ते पट्टीवरचे आकडे वाचत होते.

आणि हे सगळं कशासाठी? तर तानपुऱ्यासाठी. बाईंच्या आवाजाबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं. "बाई तर बाईच आहे." पण मागे जो तानपुरा वाजतो, तो एका प्रेसिंगमध्ये उघडा असतो, एकात मिटलेला असतो, एकात मेलेला असतो. मी एकदा वैतागून विचारलं, की मागे वाजणाऱ्या वस्तूचं इतकं काय? तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. "मारव्यात सा टाळतात वं. बाई साऱ्या अंगानं फिरते, पण 'सा'वर येऊन बसत नाही. मग तो सा धरून कोण बसला? तानपुरा. तोच ऐकू नाही आला तर बाई कोणापासून दूर फिरून राहिली, कसं समजन?" मला ते दारापर्यंत येऊन परत जाणाऱ्या पाहुण्यासारखं वाटलं. यायचं तर आत ये, नाहीतर जा. असं मी म्हटलंही. त्यावर भासरे इतके खूश झाले की मला आणखी एक प्रेसिंग ऐकावी लागली.

आता कूलर. घराच्या तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली त्यांची. सर्वांत थंड आणि संडास-बाथरूमला लागून असलेली. घरातला सर्वांत मोठा कूलर तिच्या खिडकीला, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकडी होते. माणूस वाकडा झाला तर चालतो. पारा सेहेचाळीसवर गेला की हा कूलर दिवसभर रेकॉर्डींसाठी सुरू, टाकीत पाणी मी भरायचं. मात्र रविवारी संध्याकाळी मला आणि माझ्या नवऱ्याला तिथे ऐकायला बसवलं की कूलर बंद, कारण त्याच्या घरघरीत तानपुरा दबतो. पंखाही बंद, कारण तो टकटक करतो. म्हणजे खोलीत माणसं नसताना गारवा, आणि माणसं आली की भट्टी. एकदा तर भासऱ्यांनी खिडकीही लावून घेतली, कारण शेजारी कुणी पोळ्या लाटत होतं. नवरा घाम पुसत म्हणायचा, "जाऊ दे ना, दादा आहे." दादा आहे म्हणूनच तर जात नाही.

पूर्वी निदान ते डोळे मिटून ऐकायचे. तेवढ्यात मला पदराने वारा घेता यायचा, नवऱ्याला पेंगता यायचं. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून तीही सोय गेली. आता ते डोळे उघडे ठेवून आमच्या तोंडाकडे टक लावून बसू लागले, परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझर बसतो तसे. दोन प्रेसिंग पाठोपाठ लावून झाल्या की विचारणार, "सांग, कशात साफ आहे?" मी पिशवी उचलून बाजारात जायची घाई असल्यासारखी "दुसरीत" म्हणायची. त्यावर ते चेहरा पाडून म्हणायचे, "हो, पहिलीत दबलाच आहे." याच दोन वर्षांत त्यांचा रोगही वाढला. जी प्रेसिंग आणतील तिच्यात तानपुरा दबलेला. सुई बदलली, वायरी बदलल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेत.

स्वयंपाकघरही सुटलं नाही. रेकॉर्डी धुऊन माझ्या ताटल्यांच्या स्टँडवर वाळत ठेवायच्या, हे त्यांना रास्त वाटतं, कारण दोन्ही गोल आहेत. धुण्यासाठी साधं पाणी चालत नाही, तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी लागतं. मी कॅन आणून ठेवायची आणि ते एकेका रागाला आंघोळ घालायचे. मे महिन्यात लाइट गेली, बॅटरीतलं पाणी संपलेला इन्व्हर्टर एक आचका देऊन बंद पडला, आणि अंधारातून भासऱ्यांचा आवाज आला, "पण काळं लेबल काय निघालं वं! आरसा!"

लकडगंजला लाकडाची वखार असलेले एक शेठ आहेत. त्यांना हाच आजार आहे. भासऱ्यांच्या खोलीतल्या सागवानी मांडण्या त्यांच्याच वखारीतल्या लाकडाच्या. दोघांचं फोनवर चालतं. "शेठ, उसमें तानपुरा खुलता है क्या?" मग पलीकडचे शेठ अर्धा तास सांगतात. अशाच एका फोनने आमच्या डायनिंग टेबलाची काच घालवली. झालं असं, की शेठने सांगितलं, वाकडी रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवा, मऊ होऊन सरळ होते. ही युक्ती जिथे कुठे निघाली असेल तिथे मे महिना नसणार. मी गच्चीवर प्लॅस्टिक पसरून कुरडया घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी भासऱ्यांनी टेबलाची काच आणि शोकेसचं दार काढून त्यात रेकॉर्ड ठेवली. पाच मिनिटांत काढायची होती. तेवढ्यात शेठचा फोन आला. फोन संपून ते वर गेले तेव्हा माझ्या कुरडया खडखडीत वाळल्या होत्या आणि त्यांची रेकॉर्ड शिजली होती. ओढून काढताना काचही तडकली. खाली येऊन ते मला म्हणाले, "तुझ्या प्लॅस्टिकची झळ लागली असन." त्या दिवशी मी त्यांना कुरडई तळून वाढली नाही. एवढंच मी करू शकले, आणि तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, खुब्याचं हाड मोडून घेतलं. वय झालं तरी ते गावाकडे शेतावरच राहतात. बांधावरून पाय घसरला. नागपुरात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने सांगितलं, आता जिना विसरा. म्हणजे खालचीच खोली, म्हणजे भासऱ्यांची. पलंग मावेल, पण वॉकर घेऊन फिरायला मांडण्या हलायला हव्यात. भासरे एका शब्दाने भांडले नाहीत. "बाबा इथंच राहीन, मी खाली गादी टाकतो," म्हणाले. मी म्हटलं, "गादीचं नाही, भाऊजी, मांडण्यांचं बोला. एका गाण्याची एकच रेकॉर्ड ठेवायची. उरलेल्या शेठला द्या." त्यांनी एका मांडणीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "देतो."

पण देईनात. रोज मी बँकेतल्या नोकरीवरून घरी आले की विचारायची, "निवडलं?" ते म्हणायचे, "निवडून राहिलो ना." सगळ्या रागांचं उरकलं, मारवा उरला. लाल लेबल काढून ठेवायचे, परत मांडणीत लावायचे. काळं काढायचे, तेही परत जायचं. मामाजींना दवाखान्यातून सोडायचा दिवस उद्यावर आला आणि माझा संयम संपला. "तुम्ही लेबल पाहून निवडता, म्हणून हे असं होते," मी म्हटलं. "आज न पाहता निवडा." "त्याची काय गरज आहे," असं ते दोनदा म्हणाले. मी ऐकलं नाही. खोलीत आडवी दोरी बांधली, तिच्यावर चादर टाकली, आणि नवऱ्याला रेकॉर्ड-प्लेअरजवळ चादरीमागे बसवलं. तो रेकॉर्डी लावणार, भासरे नुसतं ऐकून पहिली की दुसरी ते सांगणार. कूलर अर्थातच बंद. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या.

चादरीमागे सुई टेकल्याची बारीक खरखर झाली आणि तानपुरा सुरू झाला. त्या रेकॉर्डमध्ये बाईंचा आवाज यायच्या आधी थोडा वेळ नुसता तानपुराच आहे. खोलीभर तो वाजत होता.

"लाव ना गा," भासरे म्हणाले.

चादर जरा हलली.

"अबे लाव ना! काहून थांबला?"

नवऱ्याने चादरीच्या कडेने डोकं बाहेर काढलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. "दादा," तो म्हणाला, "लागली आहे ना."

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. भासऱ्यांनी तो ऐकला, आणि काय झालं ते त्यांना कळलं. ते खाली फरशीकडे बघू लागले.

अशा वेळी बाईमाणसाला दया येते म्हणतात. मला राग आला. असा राग मला लग्नातही आला नव्हता, आणि तिथे कारणं पुष्कळ होती. राग आला की माझी बँकेतली भाषा सुटते आणि माहेरची वर येते. "म्हणजे दोन उन्हाळे आम्ही इथं भाजून निघालो ते कशासाठी? तुमाले ऐकूच येत नव्हता तर कूलर काहून बंद करत होते?"

"तुमाले तर येत होता ना," भासरे म्हणाले.

नवऱ्याने सुई उचलली. मग भासरे सावकाश बोलले, दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसे. "पहिले वाटलं, प्रेसिंग खराब आहे. दुसरी आणली. मग वाटलं, सुई गेली. मग वाटलं, कूलरच्या आवाजात दबते. बंद करून पाहिला. बाईचा आवाज येते, तबला येते. तोच येत नाही. मग समजलं."

"मग डॉक्टरकडे काहून नाही गेले?"

"तो सांगन ना," भासरे म्हणाले.

मला राग आला की माझ्या हातून कामं होतात. दुसऱ्या दिवशी बँकेत रजा टाकली, नवऱ्याला मामाजींना आणायला पाठवलं आणि भासऱ्यांना स्कूटरवर मागे बसवून धरमपेठेत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे त्यांना आवाज न येणाऱ्या लहानशा काचेच्या खोलीत बसवून तपासलं. बाहेर आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते बाजूलाच राहिलं. भासरे म्हणतात, "खोली बढिया आहे वं. इथं लाल लेबल लावली पाहिजे." डॉक्टर म्हणाले ते असं, की कानाची नस थकली आहे, गेलेलं परत येणार नाही, मशीन लावा म्हणजे राहिलेलं नीट वापरता येईल. मशीन लावून ते घरी आले आणि पहिल्यांदा माझ्या कुकरला दचकले. "हे इतकं ओरडते?" मी म्हटलं, वीस वर्षं ओरडते आहे. भाजीवाल्याशी बोलायला, दाराची बेल ऐकायला मशीन कामाचं होतं. पण मारवा लावला तर तानपुरा डास गुणगुणल्यासारखा ऐकू आला. त्यांनी मशीन काढून तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "ही माझ्या कानाची सस्ती प्रेसिंग आहे."

मामाजी बैठकीत झोळ पडलेल्या खाटेवर पडले होते आणि मारवा अजून निवडायचा होता. "तू निवड," भासरे म्हणाले. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. "तुले समजत नाही, पण तुले ऐकू येते," ते म्हणाले. मग मी बसले. चादर नाही, पंखा नाही, कूलर नाही. भासऱ्यांनी एकेक लावली. मनात नसतानाही मला फरक कळायला लागला, आणि याचाही मला संताप आला. बायकांना एवढी कामं असताना हे एक आणखी. लाल लेबलमध्ये तानपुरा शेजारच्या घरी लागल्यासारखा होता. परदेशी प्रेसिंग चकचकीत, पण तानपुरा पुढे आणि बाई त्याच्या मागे उभी. फाटक्या कव्हरची शेवटी लावली. ती कुणीतरी रद्दीतून दिली होती, आणि भासरे तिला नुसती संख्येला धरत असत. त्यात तानपुरा पुढे नव्हता, मागेही नव्हता. खोलीतच होता.

"ही," मी म्हटलं.

"ही? फाटकी?"

"ही."

"पक्कं?"

"भाऊजी, मी इथे उकडून मरते आहे. खोटं बोलायला माझ्यात जीव उरला नाही."

त्यांनी फाटकी रेकॉर्ड दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघितली. "हिले मी धड कधी लावलीच नाही," म्हणाले. मग बाकीच्या सगळ्या त्यांनी स्वतः पुसून कव्हरात घातल्या. संध्याकाळी शेठ प्लायवूडच्या पेट्या घेऊन टेम्पोतून आले. लाल लेबल हातात आल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचाही राग आला. टेम्पो वळेपर्यंत भासरे फाटकाशी उभे होते. आत आले आणि वडिलांचा पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते मला विचारू लागले.

आता त्या खोलीत मामाजी असतात, खाली गादीवर भासरे असतात आणि एकच मांडणी उरली आहे. कूलर मामाजींसाठी दिवसभर चालतो. त्यांचे कान या वयातही इतके तिखट आहेत, की मी स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच काही बोलले तरी खोलीतून उत्तर येतं. देवाने वाटणी कशी केली आहे, याचाही मी कधीकधी राग करते.

रविवारी दिवेलागणीला भासरे दारात येऊन उभे राहतात. काही बोलत नाहीत. मी हातातलं काम आपटून ठेवते, पदराला हात पुसते आणि खोलीत जाऊन कूलरचं बटन बंद करते.

"काहून बंद केलं वं, सूनबाई?" मामाजी ओरडतात.

"थोडा वेळ, मामाजी."

"पुन्हा तेच गाणं? एक डाव ऐकलं ना!"

भासरे कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात, सुई टेकवतात आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात. डोळे उघडे. तो तानपुरा सुरू झाला की मला फक्त ऐकायचं असतं, ते माझ्या तोंडाकडे बघतात. मी चेहरा अगदी सरळ ठेवते. माझ्या तोंडावर कुणी काही वाचावं हे मला आवडत नाही, नवऱ्यालाही मी ते कधी करू दिलेलं नाही. बाई गायला लागते. दारापर्यंत येते, परत जाते. पुन्हा येते, उंबऱ्याला पाय लावते, पुन्हा जाते. घाम माझ्या मानेवरून उतरत असतो. मामाजी कुरकुरायचे थांबलेले असतात. आणि मग एका वेळी ती आत येते, तानपुऱ्याजवळ जाऊन बसते. मी मान हलवत नाही, हात हलवत नाही, काही म्हणजे काही करत नाही.

"आली ना?" भासरे म्हणतात.

"आली," मी म्हणते.

ते डोळे मिटून घेतात. मी कूलर लावायला उठणारच असते. पण रेकॉर्ड अजून थोडी उरलेली असते, म्हणून जरा बसते.